खाते पण वाळते : वयस्क मांजरांच्या थायरॉईडविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच आजाराविषयी, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी नको तितके काम करण्याविषयी, असल्याने हा संपूर्ण स्तंभ त्या आजारालाच दिला आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पाठवणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमची मनी १३ वर्षांची आहे. गेल्या आठ महिन्यांत तिचे वजन ४.२ किलोवरून ३.१ किलोवर आले. भूक मात्र इतकी वाढली आहे की पहाटे चार वाजता ती स्वयंपाकघरात जाऊन ओरडते आणि पोळ्यांच्या डब्यावर चढून बसते. आधी जंत असतील म्हणून औषध दिले, त्याचा उपयोग झाला नाही. मग पशुवैद्यांच्या सांगण्यावरून रक्त तपासले. नमुना घराजवळच्या, माणसांच्या प्रयोगशाळेत दिला होता. अहवालात टी-४ हे थायरॉईडचे संप्रेरक ८.६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असून त्यासमोर '५ ते १२, सामान्य' असे छापले आहे. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.१ आहे. डॉक्टर म्हणतात, थायरॉईड बराच वाढलेला आहे, आणि त्यांनी कार्बिमाझोलची ५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी दिवसातून दोनदा द्यायला सांगितली आहे. विश्वास कोणावर ठेवावा? सासूबाईंचे म्हणणे असे की तिचे वय झाले, आता तिला छळू नये. (ठाणे)

उत्तर : विश्वास डॉक्टरांवर ठेवावा. प्रयोगशाळेने आकडा बरोबर काढला आहे, पण तो ज्या मोजपट्टीला लावला ती माणसाची आहे. मांजराच्या रक्तात टी-४चे प्रमाण साधारणपणे १ ते ४ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असते. यंत्रागणिक त्यात थोडा फरक पडतो, परंतु ८.६ हा आकडा कोणत्याही यंत्रावर मांजरासाठी सामान्य ठरत नाही. अहवालाचा नमुना छापील असतो आणि संगणक रकाना पाहून 'सामान्य' लिहून मोकळा होतो, त्यामुळे ही गफलत वारंवार घडते. यापुढे अशा प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागलाच, तर अहवालातला फक्त आकडा पाहावा आणि त्याचा अर्थ डॉक्टरांना विचारावा. माणसांसाठी असलेल्या संचावर टी.एस.एच. (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक) तपासून घेण्यात पैसे घालवू नयेत, कारण तो संच मांजराचे संप्रेरक ओळखत नाही.

सासूबाईंच्या म्हणण्यामागची माया मला समजते, पण वय झाले म्हणून कोणतेही मांजर दुप्पट खाऊन एक चतुर्थांश वजन गमावत नाही. ६० किलो वजनाच्या माणसाचे १५ किलो वजन भरपेट जेवत असताना घटले, तर आपण त्याला म्हातारपण म्हणून सोडून देणार नाही. मांजरांतल्या या आजाराचे पहिले वर्णन १९७९-८०च्या सुमारास न्यूयॉर्क आणि बॉस्टन येथील पशुवैद्यांनी केले आणि त्यानंतर तो वयस्क मांजरांतला संप्रेरकांचा सर्वांत सामान्य आजार म्हणून ओळखला जाऊ लागला. दहा वर्षांखालच्या मांजरात तो क्वचितच आढळतो.

श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना थायरॉईडचा एकेक खंड असतो. त्यांपैकी एकात, आणि बहुतेक वेळा दोन्हींत, लहान गाठी वाढतात आणि मेंदूकडून आलेला 'आता पुरे' हा निरोप न जुमानता संप्रेरक तयार करत राहतात. या गाठी शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मांजरांत साध्या असतात. कर्करोग दोन-तीन टक्क्यांहून अधिक आढळत नाही. चूल सतत भडकलेली असावी, तसे मग शरीराचे होते : खाल्लेले जळून जाते, स्नायू झिजतात, हृदयाचे ठोके मिनिटाला २४०च्या पुढे जातात, तहान आणि लघवी वाढते, उलट्या-जुलाब होतात, अंगावरचे केस विस्कटलेले राहतात आणि रात्री-अपरात्री घसा ताणून ओरडणे सुरू होते. मनीचे पोळ्यांच्या डब्यावर चढणे हे या यादीतलेच एक लक्षण समजावे.

उपचाराचे मार्ग चार आहेत : गोळ्या, अत्यल्प आयोडीन असलेला आहार, शस्त्रक्रिया आणि किरणोत्सारी आयोडीन. पहिले दोन मागे घेता येतात. पुढचे दोन एकदा केले की केले. माझे मत विचाराल तर, अखेरीस कोणताही मार्ग निवडायचा असला तरी सुरुवात मागे घेता येणाऱ्या उपचाराने करावी, आणि याचे कारण मूत्रपिंडात आहे. थायरॉईड वाढलेला असताना हृदय जोराने रक्त ढकलत असते, त्यामुळे मूत्रपिंडांतून रक्त अधिक वेगाने गाळले जाते आणि त्यांचा दुबळेपणा झाकलेला राहतो. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. स्नायूच झिजलेले असले की रक्तातले क्रिएटिनिन आपोआप कमी दिसते. म्हणून मनीचे १.१ हे क्रिएटिनिन पाहून मूत्रपिंडे उत्तम आहेत असा निष्कर्ष आज काढता येत नाही. उपचाराने टी-४ खाली आले की खरे चित्र उघडे पडते. हे गोळीमुळे झालेले नुकसान नसते, आधीपासून असलेला आजार दिसू लागलेला असतो. पण तो किती आहे हे समजण्याआधीच ग्रंथी कायमची काढून टाकली, तर पाऊल मागे घेण्याची सोय राहत नाही.

कार्बिमाझोल शरीरात गेल्यावर मेथिमाझोलमध्ये बदलते आणि ग्रंथीला नवे संप्रेरक बनवू देत नाही. गाठी मात्र तशाच राहतात, म्हणून गोळी आयुष्यभर द्यावी लागते. आपल्या डॉक्टरांनी लहान मात्रेने सुरुवात केली, हे योग्यच केले. दोन ते तीन आठवड्यांनी टी-४, क्रिएटिनिन, युरिया, रक्तपेशींची संख्या आणि यकृताची तपासणी पुन्हा करावी, लघवीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती किती दाट आहे, पाहून घ्यावे आणि त्यानुसार मात्रा ठरवावी. टी-४ सामान्य मर्यादेच्या खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे साधारण १ ते २.५च्या दरम्यान, राहिलेले चांगले. त्याहून खाली गेले तर 'आजार अगदी बरा झाला' असे समजू नये. थायरॉईड गरजेपेक्षा दाबला गेला की मूत्रपिंडांचे हाल होतात आणि मात्रा कमी करावी लागते. घडी बसली की दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी पुरते.

रक्तदाबही मोजून घ्यावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे, कारण आपल्याकडे मांजराचा रक्तदाब मोजायचा असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसते. वरचा आकडा १६०च्या पुढे वारंवार येत असेल, तर बहुधा अ‍ॅम्लोडिपिन हे रक्तदाब उतरवणारे औषध सुरू करावे लागते. रक्तदाब फार वाढला तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळे होऊ शकते. भर उजेडात मनीच्या बाहुल्या मोठ्याच राहिलेल्या दिसल्या किंवा ती चालताना सामानावर आपटू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता गोळीविषयी. माझ्याकडे येणारे एक आजोबा आपल्या बोक्याला सायीच्या गोळ्यात औषध लपवून देत असत आणि 'एकदम गट्ट करतो' असे कौतुकाने सांगत. दीड महिना झाला तरी टी-४ हलेना, म्हणून मी मात्रा वाढवण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात दिवाळीची साफसफाई निघाली आणि कपाटामागे अकरा अर्ध्या गोळ्या सापडल्या. बोका साय चाटून गोळी तेवढी बाजूला टाकत होता. म्हणून गोळी खाण्यातून द्यायची असेल, तर ती गिळेपर्यंत समोर बसून पाहावे. हाताने द्यायची असेल, तर जिभेच्या मुळाशी ठेवून तोंड मिटावे आणि लगेच सुई काढलेल्या सिरिंजने चार-पाच मिलिलिटर पाणी गालाच्या बाजूने हळूहळू पाजावे, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहते. गोळी कुटून भुकटी करू नये. अर्धी करण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे कटर वापरावे आणि नंतर हात धुवावेत. मनीला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे, हे दर रविवारी करून कॅलेंडरवर लिहून ठेवल्यास डॉक्टरांचे अर्धे काम होते.

प्रश्न : मला स्वतःला थायरॉईड आहे आणि मी रोज सकाळी ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेते. आमच्या मांजरालाही थायरॉईड निघाला. माझ्याच गोळीचा तुकडा तिला दिला तर चालेल का? कांचनार गुग्गुळाविषयीही ऐकले आहे. (नाशिक)

उत्तर : चालणार नाही. आपण घेता ती थायरॉक्सिनची गोळी आहे; आपली ग्रंथी कमी काम करते म्हणून तिची उणीव ती भरून काढते. आपल्या मांजराची ग्रंथी नको तितके काम करते आहे. आपली गोळी तिला देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. दोघींच्या आजाराला घरात 'थायरॉईड' असे एकच नाव पडले असले, तरी ते एकमेकांच्या नेमके उलट आहेत. कांचनार गुग्गुळाने मांजरातला हा आजार आटोक्यात येतो, असे दाखवणारा पुरावा नाही, आणि त्याच्या भरवशावर घालवलेल्या महिन्यांत तिचे हृदय थकत राहील. समुद्रशैवालाच्या गोळ्या किंवा आयोडीनयुक्त पूरकेही देऊ नयेत.

प्रश्न : आमचा बोका १५ वर्षांचा आहे. साडेतीन आठवड्यांपूर्वी कार्बिमाझोल सुरू केले. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा ओकला, पण वजन वाढू लागले म्हणून आम्ही खूश होतो. गेल्या चार दिवसांत त्याने कानामागे आणि गालावर खाजवून खाजवून रक्त काढले आहे. पिसवा नाहीत. हळद लावली आहे. औषध बदलून मेथिमाझोल द्यावे का, की कानाला लावायचे मलम आणावे? तो लहानपणापासून मासळीवर वाढला आहे आणि दुपारी कोळीवाड्यात चक्कर मारतोच. (अलिबाग)

उत्तर : पुढची गोळी देऊ नका आणि आजच डॉक्टरांना फोन करा. चेहरा, कान आणि मान यांना अशी खाज सुटणे हा या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि तो बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच दिसतो. सुरुवातीच्या उलट्या मात्रा कमी केल्यावर पुष्कळदा थांबतात; खाजेचे तसे होत नाही. याच काळात क्वचित पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटतात किंवा यकृताला सूज येते, म्हणून रक्तपेशींची संख्या आणि यकृताची तपासणी तातडीने करून घ्यावी. बोका मलूल झाला, ताप आला, डोळ्यांवर किंवा हिरड्यांवर पिवळी झाक दिसली किंवा कुठून रक्तस्राव झाला, तर उद्यावर ढकलू नये.

मेथिमाझोलने काही साधणार नाही, कारण कार्बिमाझोल पोटात गेल्यावर मेथिमाझोलच होते. कानाच्या आतल्या बाजूला लावायचे मलम पोटाला त्रास कमी देते, एवढाच त्याचा फायदा. रक्तात पोचणारे औषध तेच असल्याने खाज पुन्हा सुटेल. हळद ओल्या फडक्याने पुसून काढावी, कारण चेहऱ्याला लावलेले सगळे पंजामार्फत अखेर पोटात जाते. जखमेवर डॉक्टर देतील तेच लावावे आणि गळ्यात शंकूसारखी पट्टी घालावी.

औषध बाद झाल्यावर आहार आणि शस्त्रक्रिया हे दोन मार्ग उरतात; किरणोत्सारी आयोडीन आपल्याकडे मांजरांना का देता येत नाही, ते पुढच्या उत्तरात सांगितले आहे. आयोडीन नसेल तर ग्रंथीला संप्रेरक बनवता येत नाही, या साध्या हिशेबावर हा आहार तयार केलेला आहे. २०११ साली बाजारात आलेल्या अशा खाद्यात कोरड्या वजनाच्या दर किलोमागे जेमतेम ०.२ मिलिग्रॅम आयोडीन असते. मांजराने तेवढेच खाल्ले, तर बहुतेकांचे टी-४ तीन-चार आठवड्यांत उतरू लागते. 'तेवढेच' या शब्दावर सगळे अवलंबून आहे. दुधाची बशी, मीठ घातलेल्या भाताचा घास, बांगड्याचे डोके, सुकटीची चिमूट यांपैकी काहीही चालत नाही. समुद्रातल्या मासळीत आयोडीन भरपूर असते आणि आपले मीठही आयोडीनयुक्त असते. कोळीवाड्यात रोज हजेरी लावणाऱ्या बोक्याला हा आहार लागू पडेल असे मला वाटत नाही. दार कायमचे बंद ठेवून, घरातल्या सगळ्यांना बजावून आणि त्याचा आक्रोश सहन करून आपण हे करू शकत असाल तरच करावे. अर्धवट पथ्य पाळले तर टी-४ उतरत नाही, बोका मात्र उपाशी राहतो.

म्हणून त्याचे हृदय आणि मूत्रपिंडे बरी असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार गंभीरपणे करावा. ऑपरेशन तसे मोठे नाही, गळ्यावर लहानसा छेद घेऊन गाठ असलेला खंड काढतात. जोखीम आहे ती भूल देण्यात आणि शेजारच्या उपग्रंथींत. थायरॉईडला चिकटून तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान अशा चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात आणि रक्तातले कॅल्शियम त्या सांभाळतात. दोन्ही खंड काढताना त्यांना धक्का बसला, तर पुढच्या काही दिवसांत कॅल्शियम उतरते. चेहऱ्याचे स्नायू फडफडणे, पाय ताठरणे, झटके येणे अशी लक्षणे मग दिसतात. त्यामुळे दोन्ही बाजू काढल्यास पहिला आठवडाभर कॅल्शियम वारंवार तपासावे लागते. एकाच बाजूला गाठ असेल तर ही भीती फारशी नसते, परंतु दुसऱ्या बाजूला ती पुढे वाढू शकते. काही मांजरांत छातीतही थायरॉईडच्या ऊती असतात आणि शस्त्रक्रियेनंतर आजार परत येतो. भूल देण्याआधी हृदयाची गती ताब्यात हवी. बोक्याला गोळी चालत नसल्याने काही दिवस अ‍ॅटेनोलॉल देऊन ते साधता येते. तेवढ्यापुरते ते हृदयाला सावरते, थायरॉईडवर उपचार करत नाही. ज्यांनी मांजराच्या थायरॉईडची शस्त्रक्रिया आधी केली आहे अशा शल्यविशारदाकडेच जावे. आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात सल्ला घ्यायला हरकत नाही. १८८६ साली सुरू झालेल्या त्या संस्थेत शल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग आहे.

प्रश्न : मी सध्या मुलाकडे न्यू जर्सीत असते. त्याची मांजर ११ वर्षांची आहे. गेले तीन महिने ती मेथिमाझोलवर आहे, टी-४ २.१ आणि क्रिएटिनिन १.८ असून दोन्ही स्थिर आहेत. इथल्या डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीनचे इंजेक्शन सुचवले आहे. सूनबाईंना पाचवा महिना आहे. 'किरणोत्सारी' हा शब्द ऐकूनच आमची झोप उडाली. गोळ्याच चालू ठेवल्या तर? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : आपली झोप उडवणारा शब्द आणि घरातला धोका यांचा हिशेब जुळत नाही, हे आधी सांगतो. घरात गर्भवती असताना गोळ्यासुद्धा निर्धोक नसतात. मेथिमाझोल गर्भावर परिणाम करू शकते, त्यामुळे तुटलेली गोळी, तिची भुकटी, मांजराची ओकारी आणि तिच्या शी-लघवीच्या ट्रेमधली वाळू यांना सूनबाईंनी हात लावू नये. इतरांनी हातमोजे घालून ते काम करावे. कानाला लावायचे मलम तर या घरात नकोच, कारण मांजर कान सोफ्यावर, उशीवर आणि माणसांच्या हातांवर घासत हिंडते. ट्रे साफ करण्याचे काम टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या भीतीने गर्भवतीने तसेही करायचे नसते.

आता इंजेक्शन. शरीरातले आयोडीन मुख्यतः थायरॉईड खेचून घेते, मग ते साधे असो वा किरणोत्सारी. कातडीखाली एकदाच टोचलेले आयोडीन-१३१ त्या गाठींत जाऊन साठते आणि त्यातून निघणारे बीटा कण एक-दोन मिलिमीटरपलीकडे जात नसल्याने गाठी जळतात, शेजारच्या पॅराथायरॉईड ग्रंथी मात्र वाचतात. आजारामुळे ग्रंथीचा निरोगी भाग झोपी गेलेला असतो, त्यामुळे तो आयोडीन फारसे घेत नाही आणि पुढे पुन्हा कामाला लागतो. भूल लागत नाही, टाके नाहीत. एका इंजेक्शनने सुमारे ९५ टक्के मांजरे बरी होतात; थोड्यांना दुसरे लागते, आणि काहींचा थायरॉईड नंतर कमी काम करू लागतो. तसे झाले आणि मूत्रपिंडांचे आकडे चढू लागले, तर थायरॉक्सिनची गोळी द्यावी लागते. त्यावर नजर ठेवण्यासाठी पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात तपासणी करून घ्यावी.

इंजेक्शननंतर मांजराला काही दिवस परवानाधारक दवाखान्यातच वेगळे ठेवतात आणि किरणोत्साराचे माप ठरलेल्या मर्यादेखाली आल्यावरच घरी सोडतात. किती दिवस, हे त्या राज्याच्या नियमांवर ठरते. आयोडीन-१३१चे अर्धे आयुष्य आठ दिवसांचे असते, म्हणून घरी आल्यावरही साधारण दोन आठवडे तिला मांडीवर घेणे, तिच्यासोबत झोपणे टाळायचे असते आणि वाळूची विल्हेवाट दवाखाना सांगेल तशीच लावायची असते. सूनबाईंनी या काळात तिच्याजवळ जाऊच नये. मांजरीची वेगळी खोली ठेवावी, नाहीतर हे दोन आठवडे ती मुलाच्या एखाद्या मित्राकडे ठेवता येतील का ते दवाखान्यालाच विचारावे. काही ठिकाणी मांजराला जास्त दिवस ठेवून घेण्याचीही सोय असते. वाळू साफ करण्याचे काम आपण किंवा मुलाने करावे.

माझा कौल इंजेक्शनच्या बाजूने आहे, आणि तोही लवकर, बाळ येण्याआधी. मांजर ११ वर्षांची आहे, म्हणजे पुढे बरीच वर्षे दिवसातून दोनदा गोळ्या चालल्या असत्या; तान्हे बाळ घरात असताना दोन आठवड्यांचे अंतर पाळणे आजच्यापेक्षा अवघड जाईल; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टी-४ सामान्य असूनही तीन महिने क्रिएटिनिन स्थिर राहिले आहे. १.८ म्हणजे मूत्रपिंडांचा सौम्य आजार असू शकतो, पण उपचाराने तो बिघडला नाही हे या तीन महिन्यांनी दाखवून दिले आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात किरणोत्सारी आयोडीन दिलेली मांजरे मध्यकाने (निम्मी त्याहून जास्त, निम्मी कमी) चार वर्षे आणि फक्त मेथिमाझोल दिलेली दोन वर्षे जगली, असे दिसले होते. हा फरक मी जसाच्या तसा घेत नाही, कारण इंजेक्शनसाठी मुळातच तरुण आणि धडधाकट मांजरे निवडली जातात. तरी आपली मांजर त्याच गटातली आहे. इंजेक्शनआधी मेथिमाझोल किती दिवस थांबवायचे, ते तिथल्या डॉक्टरांना विचारावे.

इथल्या वाचकांच्या मनात लगेच प्रश्न येईल की हे मुंबई-पुण्यात का करत नाहीत. माणसांसाठी हा उपचार आपल्याकडे जुनाच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून आहे. परंतु किरणोत्सारी द्रव्य वापरण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, बंदिस्त कक्ष, लघवी आणि वाळू आठवडेच्या आठवडे साठवण्याची व्यवस्था आणि प्रशिक्षित कर्मचारी लागतात. नेहमीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हे होण्यासारखे नाही, आणि माणसांच्या रुग्णालयात ओळख काढून मांजर नेण्याचा विचारही करू नये.

प्रश्न : आमचा सोन्या १७ वर्षांचा आहे. त्याच्या मूत्रपिंडांचा आजार दोन वर्षांपासून माहीत आहे, क्रिएटिनिन ३.९ आहे. आता टी-४ ६.२ आले. खातो थोडे, मळमळतो, रात्रभर घरात फेऱ्या मारतो. एक डॉक्टर म्हणतात, थायरॉईडला हात लावू नका, मूत्रपिंडे जातील. दुसरे म्हणतात, गोळी द्याच. आम्ही काय करावे? (कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हे पत्र मला सर्वांत कठीण वाटले. थायरॉईड उतरवला की मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त कमी होईल आणि क्रिएटिनिन वाढेल, हे पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे खरे आहे. परंतु तो तसाच सोडला तर वाढलेला रक्तदाब आणि मूत्रपिंडांवरचा सततचा ताण त्यांनाच पोखरत राहतो, हृदय थकते आणि अंगावरचे उरलेसुरले मांस झडते. पूर्ण नियंत्रण नाही आणि पूर्ण दुर्लक्षही नाही, असा मधला मार्ग मी घेईन. मेथिमाझोल १.२५ मिलिग्रॅम किंवा त्याच्या तोडीचे कार्बिमाझोल दिवसातून एकदाच सुरू करावे, दोन आठवड्यांनी टी-४ आणि क्रिएटिनिन पाहावे, आणि टी-४ सामान्य मर्यादेच्या वरच्या काठाशी आले तरी समाधान मानावे. मात्रा अर्थातच त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायची. शस्त्रक्रियेचा विषयही काढू नये.

मात्र गोळी सुरू करण्याआधी त्याची मळमळ थांबवावी, कातडीखाली सलाईन देण्याची गरज आहे का ते पाहावे, पोटॅशियम आणि रक्तदाब मोजावा. या चार गोष्टी सुधारल्या की पुष्कळदा मांजर दोन दिवसांत खायला लागते. मग गोळीचा परिणाम चांगला की वाईट, हे तरी कळते; सगळे एकदम सुरू केले तर कशाने काय झाले याचा पत्ता लागत नाही. गोळी दिल्यावर रात्रीच्या फेऱ्या थांबल्या, वजन टिकले आणि क्रिएटिनिन थोडेसेच वाढले, तर ती चालू ठेवावी. क्रिएटिनिन कितीही थोडे वाढलेले असो, सोन्या गळून गेला आणि खाणे सोडले, तर गोळी थांबवावी. दोन-तीन दिवसांत तिचा परिणाम ओसरतो.

तो गाढ झोपलेला असताना छातीची हालचाल एक मिनिट मोजावी. ती ३०च्या पुढे वारंवार जाऊ लागली तर हृदयाची तपासणी लांबवू नये. कातडीखालचे सलाईनही तेव्हा डॉक्टरांना विचारूनच द्यावे, कारण थकलेल्या हृदयाला जास्तीचे पाणी पेलत नाही. गोळीची एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नयेत. एक संपूर्ण दिवस त्याने काहीच खाल्ले नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, कारण उपाशी मांजराचे यकृत फार लवकर बिघडते.